हवालदारणीकडचा रिकामा पाट

हे लिहावं की नाही, या विचारातच माझी सगळी सुट्टी गेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. वडील घोंगड्या विणतात, माय लोकर कातते. आमच्याकडे कागद यायचा तो वाण्याच्या पुडीचा. अशा घरातल्या मुलानं एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसणं हा आगाऊपणाच आहे, हे मला कळतं. शिवाय जिच्याबद्दल लिहायचं, ती बाई स्वतःबद्दल कधी दोन वाक्यं सलग बोलली नाही. आमच्या तेर गावच्या जुन्या माणसांना हे वाचून दाखवलं तर ते बऱ्याच चुका काढतील. त्यांची मी आधीच क्षमा मागतो. पण तिचा ज्यांना गुण आला, त्यांतले बहुतेक जण चारचौघांत तिचं नाव घेत नाहीत. मग मीच लिहितो, जमेल तसं.

तिला आमच्या गावात हवालदारीण म्हणत. तिची सगळ्यात आधी ध्यानात येणारी गोष्ट म्हणजे ती दारातून कधी सरळ आत गेली नाही. दार स्वतःच्या घराचं असो, देवळाचं असो नाहीतर कुणाच्या गोठ्याचं, उंबऱ्यापाशी ती थांबायची आणि अंग चोरून एका बाजूला व्हायची. मागून येणाऱ्या कुणाला तरी वाट करून द्यावी तशी. मग थोड्या वेळानं स्वतः आत शिरायची. मागे कुणी नसायचं. गावातली पोरं तिची नक्कल करत. एकदा देवळाच्या दारात पोरांनी तिच्यासारखंच अंग चोरून दाखवलं, तेव्हा ती रागावली नाही. म्हणाली, "हसा की रं. पर मधी उभं ऱ्हाऊ नगा, वाट द्या." आणि ती सगळी पोरं हसता हसता गप्प झाली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. त्यांच्यात मीही होतो.

परक्या माणसाला वाटायचं की हिचा नवरा हवालदार असणार. तसं काही नव्हतं. ती लिंगायत वाण्याची सून, माहेर कानडी मुलखातलं. सासऱ्याचं काष्ठौषधीचं दुकान होतं. सासरा गेला, नवराही लवकरच गेला, आणि दुकान तिच्याकडे आलं. तालुक्याचे एक म्हातारे हकीम तिच्या सासऱ्याकडून मुळ्या-पाला मागवत. छातीत धडधडतं, जीव घाबरतो, दम कोंडतो, उगाच कसली तरी भीती वाटते, अशा दुखण्याला हकीमसाहेब 'हौलदिल' म्हणत. आमच्या लोकांनी त्याचं हवालदिल केलं. हवालदिलाची दवा देणारी ती हवालदिलाची बाई, आणि बोलता बोलता ती हवालदारीण झाली. खरं नाव गावाच्या डोक्यातून गेलं. समोर सगळे तिला आक्का म्हणत.

या नावामुळे मोगलाईत, म्हणजे निजामाच्या अमलात, एकदा मोठी गंमत झाली. पोलीस ठाण्याला नवीन अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, आले होते. तेरला एक हवालदारीण आहे आणि लोक तिच्याकडे रांग लावतात, हे त्यांच्या कानावर गेलं. ते शिपाई घेऊन घोड्यावर आले. आमचे वडील, बा, त्या वेळी तिच्या ओट्यावर घोंगडी दाखवायला बसले होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी खालूनच विचारलं, "किस ठाने की हवालदारनी है ये? पगार कौन देता इसकू?"

"पगार कुठला साहेब," आक्का म्हणाली. "म्या हवालदिलाची हाय. हवालदाराची न्हवं."

कुणीतरी त्याचा अर्थ सांगितला, तसे साहेब खूप हसले. शिपाईही हसले. साहेब घोडा वळवायला लागले, तेवढ्यात आक्का अगदी हळू म्हणाली, "साहेब, कुठं बसलंय?"

साहेबांचं हसू तिथंच थांबलं. त्यांना मराठी चांगली समजत होती, असं बा सांगतात. त्यांचा हात छातीकडे गेला नाही, मानेच्या मागे कॉलरखाली गेला. "यहाँ," ते म्हणाले. "बच्चा था तब से." मग त्यांनी शिपायांना नदीकडे पाठवून दिलं. पुढे ते बरेचदा आले, वर्दी न घालता. बाहेर उभा असलेला त्यांचा शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "तहकीकात चालू है." लोक माना डोलवायचे. ही चौकशी कुणाची चालली आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं.

'कुठं बसलंय?' हा तिचा एकच प्रश्न असे. काय झालं, कधी झालं, कशानं झालं, असं ती विचारत नसे. बोट जिथं जाईल तिथं ती बघायची. आपल्याकडे नाही, त्या जागेकडे बघायची. मग डबे उघडायची. जटामांसी, ब्राह्मी, शंखाहुली, गावजबान, थोडं वेखंड, वरून धने आणि खडीसाखर. जटामांसीचा वास तिच्या घराला कायमचा लागला होता. ती मुळी दिसते म्हाताऱ्या माणसाच्या जटेसारखी आणि भिजवली की ओल्या मातीचा आणि केसांचा मिळून वास येतो. माझ्याबरोबर वसतिगृहात राहणारा एक मुलगा पुढे वैद्यकीला जाणार आहे. तो म्हणतो, या मुळीनं मन शांत होतं, झोप लागते. होत असेल. पण आक्काचा पाल्यावर एवढा भरवसा नव्हता. ती म्हणायची, "पाल्यानं अंग निवतं. जे येऊन बसलंय त्याला पाल्याचं काय? त्याला मान पायजे."

म्हणून तिच्याकडे काढा नेहमी दोन भांड्यांत ओतला जायचा. एक पेला दुखणेकऱ्याला. दुसरी वाटी त्याच्या समोरच्या रिकाम्या पाटापुढे. ती वाटी जुनी, लाल मातीची, आमच्याकडच्या पांढरीत, जुन्या वस्तीच्या मातीत, नांगराला लागतात तसल्यांपैकी. पाट मात्र ज्याचा त्यानं घरून आणायचा. तो बरा झाला तरी पाट तिच्याकडेच राहायचा. तिच्या मधल्या खोलीत भिंतीला लागून असे पाट मांडलेले असत, बाभळीचे, सागाचे, काही नुसत्या फळ्या. सगळे रिकामे. त्यांवर बसायची सोय नव्हती. पीठ मागायला आलेली शेजारीणसुद्धा जमिनीवर बसायची. "एवढ्या घरात एकटी कशी राहता आक्का?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एकटी कुठली? चोर बी येत न्हाय माझ्याकडं. त्येला बसाय जागाच न्हाय."

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय ती कळायची नाही.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस होते. मुलूखभर धामधूम होती आणि रोज नवी आवई उठत होती. एका सकाळी गावात बातमी आली की घोडेस्वार येताहेत आणि तरण्या पोरांना उचलून नेताहेत. मला नुकती मिसरूड फुटत होती. बा घोंगड्या घेऊन बाजाराला गेले होते. शेजारच्या वाड्यामागे धान्य साठवायचं एक जुनं पेव होतं, त्या वर्षी रिकामं पडलेलं. मायनं मला दोर लावून त्यात उतरवलं, तोंडावर दगडी चीप ओढली, वरून कडबा टाकला. चिपेला एका कडेला बोटभर फट होती. मायची पावलं लांब गेली असं मला वाटलं. मग काही ऐकू येईना.

ज्यांनी पेव पाहिलं आहे त्यांना ठाऊक असेल, आत उतरण्याआधी लोक कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. त्या दिवशी कंदिलाला वेळ नव्हता. आत जुन्या ज्वारीचा कुबट वास होता. हात पसरला की भिंत लागायची. मी गुडघे पोटाशी घेऊन बसलो. काही वेळानं मला श्वास ऐकू आला. माझा नव्हे. मी माझा रोखून पाहिला, तरी तो चालूच राहिला. लांब, सावकाश, दमल्यासारखा. तो माझ्या पाठीमागून येत होता असं मला वाटलं, आणि पाठीमागे तर भिंत होती. मी दिवसभर मागे वळून पाहिलं नाही.

घोडेस्वार आलेच नाहीत. ती नुसती आवई होती. संध्याकाळी मला वर काढलं, पण ते माझ्याबरोबर वर आलं.

त्यानंतर बंद जागा मला सोसेना. कुणी दार लोटलं की घशाशी काहीतरी यायचं, हातांना मुंग्या यायच्या, आणि मागून तो श्वास. मॅट्रिकचं वर्ष जवळ आलं होतं. परीक्षा जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या दिवाणखान्यात व्हायची आणि धूळ येते म्हणून तिथली दारं लावून घेत. आमची सहामाहीही तिथंच घेतली, तेव्हा मी पेपर टाकून पळालो. मास्तर भले होते, पण त्यांनी बांना स्पष्ट सांगितलं, "मुलगा हुशार आहे. पण खोलीत बसता येत नसेल तर त्याला मागावर बसवा." माग मोकळ्या ओसरीत होता, तिथं मला काहीच होत नव्हतं. तिथंच कायमचा बसेन, भीती हीच होती. मायला त्या पेवाच्या दिवसापासून धड झोप नव्हती. मी समजत होतो, माझ्या काळजीनं. तिनंच मला आक्काकडे नेलं.

आमच्या घरी पाट नव्हता. बांनी मागाचं एक जुनं फळकूट तासून पाट करून दिला. त्याचा एक पाय आखूड होता, त्यामुळे तो डुगडुगायचा. पाट काखेत मारून मी मायबरोबर आक्काच्या दारात उभा राहिलो आणि हाक मारली. कडी निघाल्याचा आवाज झाला, दार उघडलं. आत कुणी नव्हतं. आम्ही तसेच उभे. मग मागच्या परसातून आक्का आली. हात ओले, कोपरापर्यंत भिजलेल्या मुळ्यांचा चोथा चिकटलेला.

"आलास व्हय तम्मा," ती म्हणाली. तिच्या माहेरी धाकट्या भावाला तसं म्हणतात. "कुठं बसलंय?"

मी पाठीमागे बोट केलं.

तिनं माझा पाट घेतला, माझ्या पाठीशी मांडला नाही, अगदी समोर मांडला, गुडघे टेकतील इतका जवळ. आणि त्याच्याकडे बघून वाकून म्हणाली, "बर्री. कुंदर्री."

तो मंत्र होता असं आम्हाला वाटलं. गावात सगळ्यांनाच तसं वाटायचं. हे शब्द लोक घरी जाऊन कुजबुजत, पोरांच्या अंगाऱ्यावर पुटपुटत. मायनं हात जोडले. मग आक्का मायला घेऊन परसात गेली आणि बराच वेळ तिच्याशी काही बोलत होती. मी त्या पाटासमोर एकटा होतो. माय परत आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं. त्या दिवसानंतर माय मला रोज तिथपर्यंत सोडायला यायची, पण उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाय टाकला नाही. ती भ्यायली असेल, असं मी धरून चाललो.

मी रोज दुपारी जायचो. पेल्यातला काढा मी घ्यायचो. कडू, मागून गोड. वाटी समोर असायची. निघताना ती रिकामी असायची. उन्हाळा होता, वाटी जुनी होती, झिरपत असेल, असं मी आता म्हणतो. पण तिच्याखालची जमीन कोरडी असायची आणि हे मी हात लावून पाहिलेलं आहे.

तिची रीत अशी होती की पाट हळूहळू लांब न्यायचा. पण विचारून. "सरकवू का?" असं ती आधी मला विचारायची, मग पाटाकडे वळून काहीतरी पुटपुटत विचारायची. दोघांची संमती झाली तरच पाट हातभर मागे सरकायचा. एकदा मला परीक्षेची घाई झाली होती, म्हणून मी लगेच हो म्हणालो. ती पाटापाशी वाकली, कान दिला आणि मान हलवली.

"न्हाय म्हनतंय."

"का?"

"तू बी मनापासनं व्हय म्हनला न्हाईस. त्येला कळतं की. तुझ्यापेक्षा शाना हाय त्यो."

पाट खांबापर्यंत गेला, मग दारापर्यंत, मग ओसरीवर. मला श्वास लांबून ऐकू येऊ लागला. घशाशी यायचं ते छातीशीच थांबायला लागलं. रात्री माय जागी असायची, पण मी झोपू लागलो होतो. एका दुपारी आक्का माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी धीर करून विचारलं, "आक्का, तुमचं कुठं बसलंय?"

ती हसली. तिचे पुढचे दात पडले होते. "माझं बसत न्हाय. कामाचं हाय ते. तू पयल्या दिवशी आलास, दार कुनी उघडलं?"

मी पेला उचलून उरलेला काढा पिऊन टाकला.

मग तो दिवस आला. पाट अंगणात होता, मी आत. तिनं कडीवर हात ठेवला आणि विचारलं, "लावू?" ही कडी लागली आणि मी धावत सुटलो तर उद्यापासून माग, हे मला माहीत होतं. मी हो म्हणालो. तिनं अंगणाकडेही पाहिलं आणि मग दार लावलं. खोलीत जटामांसीचा वास दाटला. भिंतीलगतचे सगळे रिकामे पाट माझ्याकडे तोंड करून होते. मी डोळे मिटले नाहीत. दारापलीकडून श्वास येत होता, सावकाश, लांब. का कोण जाणे, मला पहिल्यांदाच वाटलं की तेही दमलेलं आहे, तेही त्या पेवात दिवसभर बसून होतं. मी बसून राहिलो. आक्का तांदूळ निवडत होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटच्या दिवशी ती पाट घेऊन तेरणा नदीच्या काठापर्यंत चालत गेली. मी मागे. पाण्याजवळ तिनं तो खाली ठेवला, हात जोडले आणि म्हणाली, "होगि बर्री." मग पाट उचलून माझ्या हातात न देता स्वतःच्या काखेत मारला. "ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल. तू जा, लिही जाऊन."

परीक्षेला दिवाणखान्याची दारं लावली. माझ्या बाकावर दुसऱ्या एका मुलाचा नंबर होता, तो आलाच नाही. बाक सगळा मोकळा होता, पण मी ऐसपैस बसलो नाही. एका कडेला बसून सगळे पेपर लिहिले. पास झालो. संस्थान गेलं, आमचा मुलूख हिंदुस्थानात आला, आणि मी सोलापूरला कॉलेजात आलो. निघताना आक्काच्या पाया पडायला गेलो तर ती नदीवर गेली होती. तिची आणि माझी तीच शेवटची चुकामूक.

इथं वसतिगृहात माझ्या खोलीत अक्कलकोटकडचा, घरी कानडी बोलणारा एक मुलगा आहे. एका रविवारी त्याचे काका भेटायला आले. दार उघडून तो म्हणाला, "बर्री काका, कुंदर्री."

माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. काका गेल्यावर मी त्याला विचारलं, हे काय म्हणालास?

"काय म्हणणार? या, बसा म्हणालो."

"नुसतं तेवढंच?"

"पाहुण्याला आणखी काय म्हणतात?"

मी पुस्तक उचललं. मग विचारलं, "आणि होगि बर्री?"

"जाऊन या." तो हसायला लागला. "निरोप देताना नुसतं 'जा' कोण म्हणतं? तुमच्यात म्हणतात का?"

आमच्यातही म्हणत नाहीत. गाव ज्याला मंत्र समजून कुजबुजत होतं, तो साधा घरचा शिष्टाचार होता. तिनं माझ्या भीतीला घालवलं नव्हतं. तिनं तिला 'या' म्हटलं, 'बसा' म्हटलं, आणि शेवटी 'जाऊन या' म्हटलं. हे कळल्यावर मला हसू यायला हवं होतं. आमच्या खोलीत तिसरी एक खाट रिकामी आहे. त्या दिवसापासून मी तिच्यावर पुस्तकं टाकणं बंद केलं.

मागच्या महिन्यात बा घोंगड्या विकायला सोलापूरला आले. वसतिगृहात त्यांनी खुर्ची घेतली नाही, व्हरांड्यात गठ्ठ्यालाच टेकून बसले. पाणी प्याले, मग म्हणाले, "हवालदारीण गेली."

"कधी?"

"झाले दिस. दारातच गेली. वाट द्याया सरकली बाजूला, अन् तशीच खाली बसली. लिंगायतांच्यात बसवूनच माती देत्यात. जास्त कायी करावं लागलं न्हाय."

बाच पुढे सांगू लागले. माती झाल्यावर तिच्या घरात जायला कुणी धजेना. पाट तसेच मांडलेले होते. ज्यांचे ते होते ती माणसं अंगणात येऊन उभी राहत आणि परत जात. एक दिवस माय उठली, उंबरा ओलांडून आत गेली आणि आमचा डुगडुगणारा पाट उचलून घरी घेऊन आली. लाल वाटीही आणली.

"सांजच्याला वाटीत काढा वतती अन् समोर बसती," बा म्हणाले.

"भीत नाही ती?"

बांनी गठ्ठ्याची दोरी सोडली, पुन्हा बांधली. "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. त्या दिवशी तुला पेवात घातलं न्हवं, तवा तुझी माय घरी गेली न्हवती. पेवातली हवा मरती हे तिनं ऐकलेलं. कडब्याखाली पालथी पडून फटीला तोंड लावलं अन् सांज होईस्तोवर फुकत ऱ्हायली आत. आपला श्वास पोराला पुरंल म्हनून. आक्काला पयल्याच दिवशी परसात सांगितलं तिनं. आक्का म्हनली, पोराला बोलू नगं. मायलाच भ्यालं तर पोरगं जाईल कुठं?"

माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांनी अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं झालं. "म्हणजे तो श्वास मायचा होता," मी म्हणालो.

"तिला बी तसंच वाटत हुतं. इतकी वर्सं. आपल्यामुळंच पोराला ह्यो तरास झाला, ह्ये डोक्यात घेऊन कधी झोपली न्हाय. म्हनून तर पाट आनला. आपलं हाय तर आपुनच सांभाळावं म्हनली. लई सांजा कान लावून बसली."

"मग?"

बांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"तिचा न्हाय म्हनती. आपला श्वास आपल्याला वळखू येतो की. ह्यो दुसराच हाय, लई जुना हाय. पर दिसभर पोराला सोबत केली त्यानं, वंगाळ कायी केलं न्हाय. म्हनून रोज वाटी भरती." ते उठले, गठ्ठा खांद्यावर घेतला. "अन् झोपती बघ आता. लई वर्सांनी, गाढ झोपती."